लिलावातली होडी

ती लोखंडी होडी अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

माझ्या बरोबरीचा एक अधिकारी, आता माझ्यासारखाच निवृत्त, आपल्या आठवणींचं पुस्तक काढून बसला आहे. गावोगाव त्याचे सत्कार होतात, शाली मिळतात. पुस्तकात आंतरराज्य टोळी आहे, घाटातला पाठलाग आहे. त्या पाठलागात जीप मी चालवत होतो, पण पुस्तकात ती आपोआप चालते. माझं पोट दुखतंय असं बायको म्हणते आणि ती सहसा चुकत नाही. माझ्याकडे सांगायला टोळी नाही. एक होडी आहे आणि एका घरातली दोन माणसं आहेत. नावं सांगणार नाही, गावही सांगणार नाही. परभणी जिल्हा, सोनपेठच्या अंगाला गोदावरीचा काठ, एवढं पुरे आहे.

मी तिथल्या ठाण्याचा प्रभारी होतो. गोदावरीला तिकडे कोणी गोदावरी म्हणत नाही, गंगाच म्हणतात. खालच्या अंगाला बंधारा असल्यामुळे पाणी बाराही महिने तुंबलेलं असतं. अलीकडच्या गावाची निम्मी शेतं पलीकडे, पलीकडच्यांचा बाजार अलीकडे, आणि पूल इतका लांब की वळसा घालून जाईपर्यंत माणसाचा निम्मा दिवस मोडावा. म्हणून तिथे होडी चालायची. होडी चालवणारं घर एकच होतं, पिढ्यान्‌पिढ्यांचं.

आमच्या ठाण्याचं निम्मं काम वाळूचं. नदीत पंप लावून वाळू उपसणाऱ्या होड्या महसूल खातं पकडायचं, बंदोबस्ताला आम्ही जायचो. अशीच एक पत्र्याची मोठी होडी पकडली गेली. तिचा मालक पुढे आला नाही. वाळूच्या होडीचा मालक कधीच पुढे येत नाही, जणू ती नदीतच उगवते. वाळू उपसायचा पंप काढून घेतला, डिझेल इंजिन तसंच ठेवलं आणि होडी तहसीलच्या आवारात लिंबाच्या झाडाखाली पडून राहिली. तिच्यावर कोंबड्या बसायच्या. शेवटी जप्त ट्रॅक्टर-ट्रॉल्यांबरोबर तिचाही लिलाव निघाला.

लिलावाच्या बंदोबस्ताला मी स्वतः होतो. मानवत आणि सेलूकडचे भंगारवाले आलेले. या मंडळींचं आपसांत आधीच ठरलेलं असतं. समोरच्या टपरीवर चहा घेता घेता कोणती वस्तू कोणाच्या वाट्याची ते ठरवून घेतात आणि आत येऊन बोलीचं नाटक करतात. गावातलं कोणी अशा बोलीला उभं राहत नाही. जप्तीची वस्तू घरात आणली की मूळ मालकाचा तळतळाट पाठोपाठ येतो, असं तिकडे मानतात.

त्या दिवशी मात्र तिशीतला एक माणूस होडीभोवती फिरत होता. दगडाने पत्रा ठोकून बघत होता, कान लावून ऐकत होता, पाठीवर पडून खालचे जोड बघत होता. होडीची बोली निघाल्यावर त्याने हात वर केला. ज्याच्या वाट्याची होडी होती तो भंगारवाला चिडला.

"पोरा, तुला कशाला रे एवढा पत्रा?"

"पत्रा न्हाई घ्यायलो मामा, होडी घ्यायलोय."

लोक हसले. भंगारवाल्याने दोनदा बोली चढवली, मग हा होडीच चालवणार आहे हे ध्यानात आल्यावर हात झटकून मोकळा झाला. होडी त्या तरुणाच्या नावावर सुटली. तहसीलने हमीपत्र लिहून घेतलं: होडीत वाळू भरणार नाही, भरलेली सापडल्यास होडी नष्ट करण्यास माझी हरकत नाही. त्याने सही ठोकली आणि नवी बैलजोडी घेतलेला माणूस बैलाच्या पाठीवर ठेवतो तसा होडीच्या कडेवर हात ठेवला.

जरा लांब एक म्हातारा तंबाखू मळत उभा होता. गडी सरळसोट, अंगावर नदीवरच्या उन्हाचा काळा रंग. तो त्या तरुणाचा बाप. घाटावर लाकडी होडी चालवणारा, दोन्ही काठांवर सगळे त्याला आबा म्हणत. मी सहज म्हणालो, "आबा, मुलानं वस्तू चांगली घेतली."

"जमिनीवर समद्याच होड्या चांगल्या दिसतेत सायब," तो म्हणाला. "अन जप्तीची हाय. कोनाचा तरी तळतळाट बसलेला असतोय पत्र्यात."

तेव्हा मी ते म्हाताऱ्याची समजूत म्हणून सोडून दिलं.

पुढे काही महिन्यांत घाटाची रीतच बदलली. लेकाच्या होडीत पंधरावीस माणसं बसायची, मोटारसायकली चढायच्या. आबाच्या होडीत वल्ही, आणि तळाशी पाणी उपसायला डबा. मी एकदा बाजारच्या दिवशी घाटावर उभा होतो. आबाची होडी रिकामी, काठाला लागलेली. लेक पलीकडे गेलेला. अलीकडे दहाबारा माणसं उभी, पण आबाच्या होडीकडे कोणी वळेना. आबा म्हणाला, "चला की, हायेच म्या." त्यावर एक बाई म्हणाली, "येऊ द्या त्याला आबा, तुमच्यात पाय भिजतेत." बोलण्यात काही खोट नव्हती. पण आबाने वल्हं उगाच पाण्यात घालून काढलं आणि दुसरीकडे बघितलं.

त्याच्याकडे उरली दोन गिऱ्हाइकं. एक म्हणजे शेळ्या, कारण त्या इंजिनाच्या आवाजाला बिचकतात. दुसरा एक दूधवाला, कारण मोटारीच्या हादऱ्याने त्याच्या कॅनमधलं दूध डचमळतं. माणसं लेकाच्या होडीत आणि जनावरं बापाच्या, अशी वाटणी झाली.

एक मान मात्र अजून शाबूत होता. अलीकडच्या गावच्या देवाची बहीण पलीकडच्या गावात आहे. वर्षातून एकदा, उन्हाळ्याच्या तोंडी, भाऊ पालखीत बसून गंगा ओलांडतो आणि बहिणीला भेटतो. पालखी ज्याच्या होडीत जाईल त्याला पलीकडे उतरल्यावर सगळ्या गावासमोर फेटा बांधतात, पहिला नारळ त्याच्या हातात देतात आणि मग देवापुढे दुसरा फोडतात. हा मान आबाचा होता. त्याच्या आधी त्याच्या बापाचा.

त्या वर्षी पालखीला दोन दिवस उरले असताना सकाळी माझा मोबाईल वाजला. माझा नंबर आम्ही गावोगावच्या ग्रामपंचायतीच्या भिंतींवर रंगवून ठेवला होता, त्यामुळे कोणाचाही फोन यायचा. तोंडावर फडकं धरल्यासारखा आवाज. एका दमात बोलला, "घाटावर पत्र्याची होडी हाय, लिलावातली. तिच्यात वाळू भरलेली हाय. आत्ता जा, सापडंल." मागे शेळ्या ओरडत होत्या. मी नाव विचारायच्या आत फोन बंद.

माझा अनुभव असा की, माणूस खबर देतो ती दोन कारणांनी. एक बक्षीस, दुसरं पोटदुखी. पोटदुखीची खबर जास्त खरी निघते, कारण त्या माणसाने समोरच्यावर महिनोन्‌महिने फुकट पाळत ठेवलेली असते. स्टेशन डायरीला नोंद करून, तलाठी आणि दोन पंच घेऊन मी निघालो.

होडीच्या नाकाडाशी ताडपत्रीखाली खरोखर वाळू होती. फार नव्हती, सातआठ घमेली. वर फावडं टाकलेलं. लेक घरी भाकरी खात होता, त्याला बोलावलं तर हाताला कालवण तसंच घेऊन धावत आला आणि बघून आरडाओरडाच करायला लागला.

"सायब, देवाशपथ मला ठावं न्हाई! काल सांजच्याला होडी धुतली म्या. परवा पालखी हाय माह्या होडीत, अन म्या वाळू भरील का? कोनीतरी डाव साधलाय."

पालखी या वर्षी त्याच्या होडीत आहे, हे मला तेव्हा कळलं. पारावर बैठक झाली होती. जुनी होडी गळते, देवाचे पाय भिजायला नकोत, म्हणून लोकांनी लेकाला सांगितलं, "आवंदा तुह्या होडीत." तिथे आबाही बसलेला होता. त्याला कोणी विचारलं नाही. मुद्दाम नव्हे, सुचलंच नाही कोणाला.

पंचनामा चालू असताना लेक तावातावाने पुढे झाला, "बघू तरी कुठली वाळू हाय," म्हणत त्याने कोपरापर्यंत हात वाळूत घातला. मूठ बाहेर काढली. बोटांवर काहीतरी होतं ते त्याने चोळलं, नाकाशी नेलं. आणि हा आत्तापर्यंत ओरडणारा माणूस एकदम गप्प झाला. होडीच्या कडेला टेकला आणि पाण्याकडे बघत राहिला.

ठाण्यात आणल्यावर मी विचारपूस सुरू केली.

"वाळू कोणाची?"

"माहीच हाय. लिहून घ्या सायब."

"मघाशी देवाची शपथ घेत होतास."

"घाबरलो व्हतो. म्याच भरली."

"कुठून?"

"गंगेतून."

"कशानं?"

"फावड्यानं."

"पाण्याखालची वाळू फावड्यानं काढलीस?"

मी आवाज चढवला, समजावलं, चहा पाजला. एकच पालुपद, म्याच भरली. गुन्हा कबूल करणारे मी पुष्कळ बघितले. खरा गुन्हेगार कबूल करतो तेव्हा तपशिलात पळवाट ठेवतो, दोस्ताने सांगितलं, दारू प्यायलो होतो, असं काहीतरी. या माणसाने स्वतःसाठी एकही पळवाट ठेवली नव्हती. मला ते खटकलं. पण कबुली कबुली असते. अटक दाखवली. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला कोर्टात हजर करायचं होतं. तिकडे तहसीलने हमीपत्राच्या आधारे आदेश काढला की त्याच दुपारी होडी गॅस कटरने तोडायची. होडी गेली तर या माणसाकडे काहीच उरत नव्हतं, उलट वाळूचोर म्हणून शिक्का बसणार होता. आणि ते थांबवायला माझ्या हातात फक्त एक शंका होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्देमालाच्या खोलीत जाऊन वाळूची पोती उघडली. नदीतून काढलेली वाळू वरून वाळते आणि खाली ओली राहते, पाणी खालीच उतरतं. पंचनाम्याला मी हे बघितलं होतं आणि मनात ठेवलं होतं: ही वाळू वर ओली होती आणि तळाला कोरडी ठणठणीत. म्हणजे कोणीतरी कोरडी वाळू आणून टाकली आणि वरून पाण्याचे चार डबे ओतले. मग मीही लेकासारखाच हात खोल घातला. बोटांना जे लागलं ते नाकाशी नेलं आणि मला शिवी आली. मांजराची घाण. वाळून कडक झालेले खडे. तुम्ही कोणी दारात बांधकामाची वाळू टाकली असेल तर तुम्हाला वेगळं सांगायला नको.

हात धुऊन येतो तर लेकाची बायको जेवणाचा डबा घेऊन दारात उभी. रडत नव्हती, भांडायला आली होती.

"सायब, आमी कामून चोरू वाळू? घरकुलाची वाळू दारात पडलेली हाय आमच्या, वर्स झालं. काम थांबलंय म्हनून तशीच हाय. मांजरांनी घान करून ठिवलाय समदा ढीग. चोरायचीच असती तर आदी तेवढी तरी सपवली असती की."

चोरीची वाळू होडीतून ढिगात जाते. ही ढिगातून होडीत आली होती. मी तिला विचारलं, "ढीग कोणी उकरलेला दिसला का?" ती म्हणाली, एका कडेने उतरल्यासारखा वाटला खरा, पण लक्ष दिलं नाही. त्या घरात माणसं तीन: लेक, सून आणि आबा. लेकाने ज्या क्षणी ती घाण हुंगली त्या क्षणी त्याला वाळू आपल्या दारातली आहे हे कळलं होतं. आणि बायकोने टाकली नाही हे त्याला माहीत होतं.

मी साध्या कपड्यांत घाटावर गेलो. लेकाची होडी तहसीलच्या ताब्यात, त्यामुळे सगळी माणसं पुन्हा आबाच्या होडीत. आणि आबा! दाढी गुळगुळीत केलेली, धोतर पांढरं शुभ्र. "सरका, सरका, जागा हाय. आबाच्या होडीत जागा कदी कमी पडलीय का?" त्या बाजारच्या दिवशीची तीच बाई आता पाय वर घेऊन बसलेली, आणि आबा तिला म्हणत होता, "भिजू दे की गं, गंगाच हाय, इख न्हाई!" ज्याचा एकुलता लेक कोठडीत आहे तो बाप त्या सकाळी दाढी करत नाही. कायद्याची बत्तीस कलमं एकीकडे आणि ही दाढी एकीकडे.

ज्या नंबरवरून खबर आली तो त्या दूधवाल्याचा होता. आदल्या दिवशी हवालदाराने विचारलं तेव्हा त्याने कानांवर हात ठेवले होते. मी त्याला बाजूला घेतलं.

"तुझा मोबाईल कोणाच्या हातात असतो?"

"माह्याच खिशात की. निस्तं कॅन चढवताना पान्यात पडंल म्हनून आबाकडं देतो."

मी परतलो आणि आबाला चहाला बोलावलंय असा निरोप धाडला.

आबा ठाण्यात आला तो सासुरवाडीला यावं तसा. खुर्ची दिली तर बसला नाही, भिंतीला टेकून खाली बसला. मी वाळूचं नावच काढलं नाही.

"आबा, आज दुपारी होडी तोडणार आहेत."

"तोडनार म्हंजी?"

"गॅस कटरनं. तुकडे करून."

"असं कसं? लिलावात घेतली, तहसिलीनंच दिली की."

"वाळू सापडली. हमीपत्रात लिहून दिलंय मुलानं."

"पर तुमी तर ठिवून घेता." त्याच्या हातातली बशी थांबली. "आवारात ठिवून घेता अन मंग दंड करून सोडता. ट्रॅक्टरं सोडलेत की तुमी. म्या बगितलंय."

"ट्रॅक्टर सोडतात. होडी सोडत नाहीत."

"पालखी झाल्यावर सोडताल म्हनून..."

तो तिथेच थांबला. मीही थांबलो. चौकशीत पोलिसाने गप्प बसण्यासारखं दुसरं हत्यार नाही, पण ते फार कमी जणांना जमतं. आबाने बशी खाली ठेवली, फेट्याचा पदर तोंडावर धरला.

"हेवा वाटला सायब," तो म्हणाला. "बापाला लेकाचा हेवा वाटावा ही काय गोष्ट हाय का? पर वाटला. ती होडी तहसिलीत ठोकून बगत व्हता ना, तवाच वाटला. म्या त्याला शिकिवलं तसंच ठोकत व्हता, अन माह्याकडं बगितलं बी न्हाई. मंग माणसं गेली. जाऊ द्या म्हनलं, शेळ्या तर हायेत. पर पालखी? पारावर बसलो व्हतो म्या सायब, जित्ता. कोनी माह्याकडं मान बी वळवली न्हाई. अन हा म्हनला, बरं. निस्तं बरं म्हनला. 'आबाला इचारा' येवढं म्हनायला काय त्याचं तोंड झिजत व्हतं?"

पहाटे घमेलं डोक्यावर घेऊन तो दारापासून घाटापर्यंत हेलपाटे घालत होता. गावातले दोघं भेटले वाटेत, पण डोक्यावर घमेलं घेतलेल्या म्हाताऱ्याला गावात कोण थांबवतं? शेतात खत नेतोय असं त्यांना वाटलं. फक्त पालखीपुरती होडी अडकून पडावी आणि मग दंड भरून सुटावी, एवढाच त्याचा हिशेब. लेकाला अटक होईल हेही त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. आणि झाली तेव्हा, त्याच्याच तोंडचे शब्द, "वाईट वाटलं, पर सकाळी घाटावर मानसं बगितली अन इसरलो."

"मुलानं गुन्हा कबूल केलाय," मी म्हणालो.

"कामून?"

"हात घातल्याबरोबर त्याला कळलं वाळू कुठली ते. तुमचं नाव येऊ नये म्हणून."

मला वाटलं होतं म्हातारा हंबरडा फोडेल. डोळ्यांत पाणी आलं त्याच्या, नाही असं नाही. पण तो दातओठ खात म्हणाला, "म्हंजी हितं बी त्योच मोठा झाला."

नोकरीत मी पुष्कळ कबुल्या लिहून घेतल्या. इतकी खरी दुसरी नाही.

जबाब नोंदवला. तहसीलदारांना आधी फोन, मग स्वतः जाऊन पंचनामा, दूधवाल्याचा जबाब, सगळं समोर ठेवलं. ते वैतागले, कटरवाला जीपमधून येऊन बसलेला होता. पण आदेश मागे घेतला गेला. कोर्टात लेकाला सोडण्याचा अहवाल दिला. खोटी खबर दिल्याबद्दल आबावर वेगळा अहवाल गेला, पुढे कोर्टाने त्याला समज देऊन सोडलं.

बापलेक ठाण्यात समोरासमोर आले. मी मुद्दाम बाजूला झालो नाही, पोलिसाला तेवढा निगरगट्टपणा असावा लागतो. लेक म्हणाला, "आबा, जेवलाव का?" आबा पायात चपला सारायला लागला. सून मात्र फणकारली. "परक्यानं केलं असतं तर दारात जाऊन त्याचं घर डोक्यावर घेतलं असतं म्या. आता घरच्याला काय म्हनू, सांगा?" तिघं एकाच एसटीत बसून गेले, तीन वेगवेगळ्या बाकांवर.

दुसऱ्या दिवशी पालखी. बंदोबस्ताला मी गेलो. जायची गरज नव्हती, दोन हवालदार पुरले असते, पण मला राहवेना. लेकाची होडी घाटाला लागलेली, फुलांच्या माळा बांधलेल्या. गावात कोणाला काय कळलं होतं कोण जाणे. खेड्यात सगळ्यांना सगळं कळतं आणि कोणी बोलत नाही. आबा आपल्या लाकडी होडीत वल्ही आडवी टाकून बसलेला.

पालखी घाटावर आली, हलगी वाजायला लागली. लेकाने इंजिनाला हँडल मारलं. फटफट करून बंद. पुन्हा मारलं, पुन्हा बंद. कपाळावरचा घाम पुसत तो मोठ्यांदा म्हणाला, "इंजन धरंना. आता काय? आबाच्या होडीतूनच न्यावं लागंल." भोई पालखी घेऊन आबाच्या होडीकडे वळले. जुन्याच होडीत जायचं देवाच्या मनात असेल, असं कोणीतरी म्हणालंही.

मी इंजिनाच्या जवळ उभा होतो. डिझेलचा कॉक बंद केलेला मला दिसत होता.

तो आबालाही दिसला असावा, किंवा त्याला बघायची गरजच पडली नसावी. तो आपल्या होडीतून उतरला. गुडघाभर पाण्यातून चालत लेकाच्या होडीत चढला. वाकला, कॉक फिरवला आणि लेकाच्या तोंडाजवळ तोंड नेऊन, इतरांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाला, "परत मोठेपना करायलास व्हय रे? बापाला भीक घालायलास? मार हँडल."

लेकाने हँडल मारलं. इंजिन पहिल्याच फटक्यात धडधडलं. भोयांना काही कळेना, ते पालखी घेऊन पुन्हा इकडे वळले. आबा होडीतून उतरला नाही. पालखीच्या दांडीजवळ, चार माणसांसारखा माणूस म्हणून उभा राहिला. मीही चढलो.

पलीकडच्या काठावर सगळं गाव उभं होतं. पालखी उतरली, तिकडच्या गावच्या पाटलांनी फेटा आणला आणि लेकाच्या डोक्याला बांधला. शहरातून शिकून आलेले पाटील, त्यांना बांधता कुठला येतोय? शेमला एका कानावर आला. लोक हसायला लागले. आबा गर्दीतून पुढे आला, "सरका," म्हणाला आणि लेकाच्या डोक्यावरून तो फेटा ओढून काढला.

सगळा फेटा त्याच्या हातात आला. त्याने कापड मोकळं केलं, एक टोक धरलं आणि तसाच उभा राहिला. त्याच्या डोळ्यांत ते कापड आपल्याच डोक्याला गुंडाळायची हाव मला इतकी स्वच्छ दिसली की मी नकळत एक पाऊल पुढे झालो. त्याने तसं केलं असतं तर लेक काही बोलला नसता, गावही बोललं नसतं. मग तो म्हणाला, "मान खाली घाल की, उंट झालास नुसता," आणि लेकाच्या डोक्याला फेरा द्यायला सुरुवात केली. आवळून, सावकाश, एकेक घडी बसवत. बांधून झाल्यावर दोन पावलं मागे सरून बघितलं. त्याचा चेहरा अजिबात निवळलेला नव्हता. हेवा जसाच्या तसा होता. नारळ मात्र त्याने स्वतःच पाटलांच्या हातातून घेऊन लेकाच्या हातात दिला.

आमच्या खात्यात शिकवतात की गुन्ह्याचं मूळ राग, लोभ किंवा वैर यात असतं. मला या प्रकरणाने शिकवलं ते असं की मत्सराला वैर लागत नाही. तो जिथे माया आहे तिथे जास्त जोमाने वाढतो, कारण परक्याचं मोठेपण माणूस विसरतो, घरातल्याचं रोज ताटासमोर बसतं. आणि दुसरं, मत्सर मनातून काढून टाका असं कीर्तनात सांगतात, पण तो निघाल्याचं मी तरी बघितलेलं नाही. आबाचा निघाला नव्हता. तो मनात असताना हात काय करतात, एवढंच माणसाच्या ताब्यात असतं. लेकाला फेटा बांधणाऱ्या त्याच हातांनी दोन दिवसांपूर्वीच्या पहाटे होडीत वाळू टाकली होती.